मचूळ पाण्याचे बेट : ट्रोमेलिनची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या अनेक वस्त्यांत शिरले, तेव्हा वरच्या मजल्यांवर अडकलेल्या घरांना पहिली चिंता पडली ती पिण्याच्या पाण्याची. निर्जन बेटावर अडकलेल्या माणसांच्या इतिहासातही पाण्याचा प्रश्न भुकेच्या आधी येतो. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. ते बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाला प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते, म्हणून ते पिणारा माणूस अधिकच कोरडा पडतो.

या इतिहासातली परिचित नावे मात्र गोड्या पाण्याच्या बेटांवरची आहेत. गोव्यात आदिलशाहीच्या बाजूस गेल्याबद्दल पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने ज्याचे नाक, कान व उजवा हात छाटले, तो पोर्तुगीज सैनिक फर्नांव लोपिश पुढे दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर स्वखुशीने राहिला. स्कॉटिश खलाशी अलेक्झांडर सेलकर्क १७०४ ते १७०९ या काळात पॅसिफिकमधील एका बेटावर एकटाच जगला. तेथे झरे होते आणि मोकाट शेळ्याही होत्या.

ट्रोमेलिनची कथा याहून कठीण आहे आणि माझ्या मते अधिक सांगितली जावी अशी आहे. मादागास्करच्या पूर्वेस असलेले हे वाळू-प्रवाळाचे बेट लांबीला दोन किलोमीटरही नाही आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम सात मीटर उंच आहे. मनाई असताना गुलाम चोरून नेणारे ‘ल्युतिल’ हे फ्रेंच जहाज १७६१ च्या जुलैअखेरीस तेथे फुटले. तळघराची झाकणे बंद असल्याने अनेक मालागासी (मादागास्करचे) गुलाम आतच बुडाले. वाचलेल्या खलाशांनी विहीर खणली, तिला मचूळ पण पिण्याजोगे पाणी लागले. मग फुटक्या जहाजाच्या लाकडांतून नाव बांधून, परत येण्याचे वचन देऊन, ते सप्टेंबरात निघून गेले. मागे सुमारे साठ ते ऐंशी मालागासी स्त्री-पुरुष राहिले. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने त्यांच्यासाठी जहाज पाठवण्यास नकार दिला.

या माणसांनी कासवे आणि सुरय पक्षी यांवर गुजराण केली, पिसे विणून वस्त्रे केली आणि झाडे नसलेल्या त्या बेटावर जहाजाची लाकडे जपून जाळत विस्तव राखला. वादळांत टिकाव लागावा म्हणून प्रवाळाच्या दगडांची जाड भिंतींची घरे बांधली. ज्यांच्या परंपरेत दगडी बांधकाम मृतांसाठी असे, त्यांनी हा निर्णय किती जड मनाने घेतला असेल, असे मला राहून राहून वाटते.

२९ नोव्हेंबर १७७६ रोजी, पंधरा वर्षांनी, एका फ्रेंच जहाजाने तेथून सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक मूल यांची सुटका केली. २००६ पासून झालेल्या उत्खननांत त्या घरांच्या भिंती उघड झाल्या आणि त्यांच्याबरोबर तांब्याची भांडीही सापडली, ज्यांच्यावर ठिगळे लावून पुन्हा पुन्हा केलेली डागडुजी आजही स्पष्ट दिसते.