'फ्रॉलिक'मधला 'लिक' कुठला?

इंग्रजी 'फ्रॉलिक'चा अर्थ शब्दकोशात 'मौज, गंमत' असा दिसेल, पण जवळचा मराठी शब्द 'बागडणं'. कुरणात सोडलेलं कोकरू उगाचच चारही पाय उचलून उडी मारतं, ते फ्रॉलिक. धिंगाण्यात गोंगाट येतो, तो इथे नाही.

इंग्रजीत हा शब्द 1530 च्या दशकात डच भाषेतून आला. मूळ रूप 'व्रोलिक': 'व्रो' म्हणजे आनंदी आणि 'लिक' म्हणजे तशा रूपाचा. हाच प्रत्यय इंग्रजीत झिजून 'फ्रेंडली'मधला 'ली' झाला आहे. त्यामुळे सुरुवातीला 'फ्रॉलिक' हे विशेषण होतं. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात पक हा खोडकर यक्ष म्हणतो, आम्ही पऱ्या आता फ्रॉलिक आहोत, म्हणजे आनंदात आहोत. परक्या वेषातला आपलाच प्रत्यय इंग्रजांना ओळखू आला नाही. सोळावं शतक सरण्याआधी त्यांनी या विशेषणाचं क्रियापद केलं आणि सतराव्याच्या सुरुवातीला नाम. पुढे विशेषण हवं झालं तेव्हा 'सम' जोडून 'फ्रॉलिकसम' घडवलं. एकाच शब्दावर विशेषणाचे दोन प्रत्यय चढले! या 'सम'चं नातं आपल्या संस्कृत 'सम'शी आहे.

लिहिताना हमखास चूक होते ती भूतकाळात. 'सी'नंतर ई, आय किंवा वाय आला की 'सी'चा उच्चार 'स' होतो. तो 'क'च राहावा म्हणून मध्ये 'के' घालावा लागतो: 'फ्रॉलिक्ड', 'फ्रॉलिकिंग'. पिकनिक, पॅनिक यांचंही तसंच. 'फ्रॉलिकसम'मध्ये मात्र पुढे 'एस' असल्याने 'के' नको.

'व्रो'च्या मागे उडी मारण्याच्या अर्थाचा प्राचीन धातू असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृत 'प्रवते' त्यातलंच. इंग्रजी, डच, जर्मन अशा जर्मानिक भाषांमध्ये मूळ 'प'चा 'फ' झाला: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. डचमध्ये त्या 'फ'चा पुढे 'व्ह' झाला. इंग्रजी 'फ्रॉग', म्हणजे बेडूक, याच घरातला असल्याचंही सांगतात, पण ते नातं तितकं पक्कं नाही.

कायद्यात मात्र हा शब्द गंभीर झाला. 1834 मध्ये इंग्लंडमधल्या 'जोएल विरुद्ध मॉरिसन' खटल्यात न्यायाधीश पार्क यांनी सांगितलं, की मालकाचं काम सोडून नोकर 'स्वतःच्या फ्रॉलिक'वर गेला असेल, तर त्याने केलेल्या अपघाताला मालक जबाबदार नाही. मालकाच्याच कामावर असताना नुसती वाट वाकडी केली असेल, तर मालक सुटत नाही. हा शब्दप्रयोग भारतीय वकीलही वापरतात.