‘हलाल शेअर्सची यादी’ घेऊन येण्याआधी हे वाचा
(आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी आमच्या टेबलावर मोबाईल ठेवला जातो. स्क्रीनवर व्हॉट्सॲपवरून आलेली यादी असते. वर हिरव्या अक्षरांत ‘हलाल शेअर्स’, खाली पन्नास-साठ कंपन्यांची नावे. ‘यातले कुठले घेऊ, तेवढे सांगा,’ एवढाच प्रश्न. यादी कोणी केली, कधी केली, कशावरून केली, यातले काहीच तिच्यावर नसते. गेल्या रमजानमध्ये कुवेतहून सुट्टीवर आलेल्या एका ग्राहकाने दाखवलेल्या यादीत तर एक कंपनी अशी होती, जी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन बाजारातून केव्हाच गेली होती. ती शोधण्यात त्यांची दुपार गेली आणि आमचीही. शेवटी हे पत्रक छापले.

सूद, म्हणजे व्याज, का नको, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. शेअर का चालतो, हे मात्र मिरकरवाडा बंदरातल्या कुणाही मच्छीमाराला विचारा. बोटीत भागीदारी घेतली की मासळी लागली तर वाटा मिळतो, बोट रिकामी परतली तर डिझेलचा भुर्दंड आपल्याही माथी. त्याच बोटीला पैसे देऊन ‘मासळी लागो न लागो, मला महिन्याला इतके हवेत’ म्हटले की तो सूद झाला. शेअर म्हणजे पहिला प्रकार. एफडी, बाँड, डिबेंचर हा दुसरा.

अडचण पुढे आहे. बोटमालकानेच इंजिनासाठी बँकेचे कर्ज काढलेले असते, आणि त्याच्या खात्यात पडून राहिलेल्या पैशांवर बँक व्याजही जमा करते. बाजारातल्या जवळपास प्रत्येक कंपनीची हीच गत आहे. शंभर टक्के स्वच्छ कंपनीच हवी म्हटले तर हाताला काही लागणार नाही. म्हणून आलिमांनी, म्हणजे शरियाच्या जाणकारांनी, मर्यादा घालून दिल्या आणि त्या मर्यादांनी कंपन्या चाळल्या जातात.

पहिली चाळणी धंद्याची, आणि ती सोपी आहे. बँका, व्याजावर चालणाऱ्या वित्त कंपन्या, प्रचलित विमा, दारू, तंबाखू, जुगार, डुकराचे मांस, अश्लील करमणूक हे सगळे बाहेर. आयटीसीचा आटा आणि बिस्किटे आपल्या घरात येतात, पण सिगारेटही तिचीच, म्हणून तीही बाहेर. इथवर कोणाचा गोंधळ होत नाही.

दुसरी चाळणी ताळेबंदाची. आमच्याकडे येणारे बहुतेक जण इथे अडकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा एका औषध कंपनीची एकूण मालमत्ता १,००० कोटी आणि व्याजी कर्ज २०० कोटी आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत कर्ज एकूण मालमत्तेच्या २५ टक्क्यांच्या आत लागते. इथे ते २० टक्के आहे, कंपनी पास. पुढच्या वर्षी कंपनी नव्या कारखान्यासाठी आणखी १५० कोटींचे कर्ज काढते. मालमत्ता झाली १,१५० कोटी, कर्ज ३५० कोटी, म्हणजे ३० टक्क्यांच्या वर. कंपनी नापास. गोळ्या त्याच, मालक तेच, तुमच्या मोबाईलमधली यादीही तीच.

आता हीच कंपनी दुसऱ्या मापाने मोजू. काही आंतरराष्ट्रीय निर्देशांक कर्जाची तुलना मालमत्तेशी न करता बाजारमूल्याशी, म्हणजे कंपनीच्या सगळ्या शेअर्सच्या बाजारातल्या एकूण किमतीशी, करतात आणि मर्यादा ३३ टक्के ठेवतात. इस्लामी वित्तव्यवहारांची मानके ठरवणाऱ्या बहारीनमधल्या आयोफी या संस्थेच्या मानकात ती ३० टक्के आहे. आपल्या कंपनीचे बाजारमूल्य १,५०० कोटी असेल तर ३५० कोटींचे कर्ज होते २३ टक्के. म्हणजे एका मापाने नापास झालेली कंपनी दुसऱ्याने पास. आणि बाजार पडून तेच मूल्य १,००० कोटींवर आले, तर एक रुपयाही नवे कर्ज न काढता ती ३५ टक्क्यांवर जाऊन तिथेही नापास होईल. (असे रोजच्या भावावर हिंदकळू नये म्हणून काही ठिकाणी ३६ महिन्यांची सरासरी धरतात.) याखेरीज व्याजाचे उत्पन्न किती आणि रोकड व येणी किती, याच्याही मर्यादा असतात.

तेव्हा ‘अमुक शेअर हलाल आहे का?’ या प्रश्नाला ‘कोणत्या मापाने आणि कोणत्या तारखेला?’ हेच उत्तर असते. आम्ही उत्तर टाळतो असे काही जणांना वाटते. तसे नाही. मलेशियात तर सरकारी सिक्युरिटीज कमिशन स्वतः अशी यादी जाहीर करते, पण तीही वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये. प्रत्येक वेळी काही नावे आत येतात, काही बाहेर जातात. सरकारने केलेली यादी तिथे सहा महिन्यांत जुनी होते, आणि आपण २०२१ ची कुणाची तरी यादी अजूनही पुढे पाठवत बसतो.

बरे, कंपनी बाहेर गेली की तुम्हाला शेअर विकावा लागतो. लगेच विकायचा, की तोट्यात असेल तर खरेदीची किंमत येईपर्यंत थांबायचे, यावर आलिमांची वेगवेगळी मते आहेत. आयकराचे मात्र एकच मत आहे. बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. त्यानंतर विकला तर वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. वर्षातून दोनदा स्वतः यादी तपासायची, विकायचे, कर भरायचा, पुन्हा नवे शोधायचे, एवढा वेळ ज्यांच्याकडे आहे त्यांनी थेट शेअर जरूर घ्यावेत. आमचे काहीच म्हणणे नाही.

बाकीच्यांसाठी शरिया पद्धतीचे म्युच्युअल फंड आहेत. टाटा एथिकल फंड, टॉरस एथिकल फंड, आणि शेअरसारखा खरेदी करायचा असेल तर निप्पॉन इंडियाचा निफ्टी ५० शरिया बीज ईटीएफ. चाळणीचे काम तिथे शरिया सल्लागार आणि फंडाची माणसे करतात. कंपनी बाहेर गेली की फंड ती विकतो, आणि फंडाने आतल्या आत केलेल्या त्या विक्रीवर तुम्हाला कर लागत नाही. तुमचा कर तुम्ही युनिट विकाल तेव्हा. सौदीत जहाजावर असलेल्या माणसाला हे सोयीचे पडते, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

या फंडांची एक बाजू आधीच सांगून ठेवतो, नंतर भांडण नको. निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात बँका आणि वित्त कंपन्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो आणि शरिया फंडात तो शून्य. त्यामुळे ज्या वर्षी बँकांचे शेअर धावतात त्या वर्षी तुमचा फंड मागे दिसणार. आयटी आणि औषध कंपन्या पडल्या की तो जास्त पडणार. शेजाऱ्याच्या फंडाशी एका वर्षाची तुलना करून कुणी पैसे काढायला येऊ नये. पाच-सात वर्षे हात लावायचा नसलेलाच पैसा यात घाला.

आणखी एक चूक बँकेच्या किंवा ॲपच्या सल्ल्याने होते. मोठी रक्कम एकदम नको म्हणून ती आधी लिक्विड फंडात ठेवायला सांगतात आणि तिथून दर महिन्याला थोडी थोडी एथिकल फंडात वळवतात. कागदावर छान दिसते. पण लिक्विड फंड म्हणजे ट्रेझरी बिले आणि कंपन्यांचे अल्पमुदतीचे कर्जरोखे, म्हणजे निव्वळ व्याज. रक्कम बँकेच्या चालू खात्यात ठेवून तिथून एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम) करा, मुद्दा संपला. ‘बॅलन्स्ड’, ‘हायब्रिड’, ‘आर्बिट्राज’ ही नावे दिसली तर सही करण्याआधी आम्हाला फोन करा.

स्टेट बँकेचा शरिया फंड कधी येणार, असेही अजून विचारतात. तो १ डिसेंबर २०१४ ला सुरू होणार होता, ऐन वेळी पुढे ढकलला गेला आणि आलाच नाही. व्याजमुक्त बँकेचेही तेच. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये तशी शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असे ठरवल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. जे नाही त्याची वाट पाहत पैसे बचत खात्यात ठेवले तर त्यावर व्याज पडतच राहते.

त्या व्याजाबद्दल. बरेच जण ते बँकेतच सोडून देतात. आपल्याकडचे मुफ्ती साहेब सहसा सांगतात की सोडू नका, काढा आणि गरजूला द्या, बिला नियत-ए-सवाब, म्हणजे पुण्याची अपेक्षा न ठेवता. फंडातल्या कंपन्यांच्या उत्पन्नात व्याजाचा जो अंश असतो, त्याचेही तत्त्व हेच. कंपनीच्या शंभर रुपये उत्पन्नात तीन रुपये व्याजाचे असतील, तर २,००० रुपये लाभांशातले ६० रुपये बाहेर काढून माल पाक करायचा. ग्रोथ पर्यायात लाभांश हाती येत नाही. तिथे फंडाने आकडा जाहीर केला असेल तर त्यावरून, नाही तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून अंदाजाने. हे पैसे जकातीत, म्हणजे दर वर्षी द्यायच्या फर्ज दानात, धरू नका. जकात आपल्या हलाल मालातून जाते, हे पैसे मुळात आपले नाहीतच. ही गल्लत दर रमजानला होते.

जकातीचा हिशेब आम्हाला विचारू नका, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही जण नाराज होतात. आमचीही बाजू ऐका. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मालमत्ता, ठरलेला आहे, सुमारे ६१२ ग्रॅम चांदीची किंमत. अडीच टक्केही ठरलेले आहेत, तेही चांद्र वर्षाला. इंग्रजी तारखेने ३६५ दिवस धरणार असाल तर ते २.५७७ होतात. पण फंडाच्या पूर्ण किमतीवर द्यायची, की कंपन्यांकडच्या रोकड, माल आणि येण्यांपुरतीच, हे तुमच्या हेतूवर आणि ज्या आलिमांना मानता त्यांच्यावर अवलंबून आहे. फिकहच्या पंथांपैकी कोकणातले आपण बहुतेक शाफई, घाटावरून येणारे आमचे ग्राहक बहुतेक हनफी. बायकांच्या वापरातल्या दागिन्यांवरही दोघांचे उत्तर एक नाही, तिथे आम्ही म्युच्युअल फंडवाल्यांनी फतवा का द्यावा? आम्ही एकच काम चोख करतो. तुमची जकातीची चांद्र तारीख एकदा नोंदवून ठेवा, त्या तारखेचे मूल्य दर वर्षी न मागता व्हॉट्सॲपवर मिळेल. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री फोन करावा लागणार नाही.

तसेच एकेका शेअरबद्दल ‘घ्या’ किंवा ‘विका’ असेही आम्ही सांगत नाही. त्यासाठी सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) वेगळी नोंदणी लागते, आमची म्युच्युअल फंड वितरकाची आहे. आमचे कमिशन फंड कंपनी देते, आणि ते शेवटी तुमच्याच फंडाच्या खर्चातून जाते. वितरकाशिवाय थेट घ्यायचा डायरेक्ट प्लॅन त्यामुळे स्वस्त पडतो, हे लपवायचे कारण नाही. केवायसी, वारसाची नोंद, बँक बदल आणि आखातात गेल्यावर एनआरआय म्हणून करायचे फेरफार स्वतः करू शकत असाल तर तोच घ्या. हे सगळे आमच्यावर सोपवायचे असेल तर आमच्यामार्फतचा रेग्युलर. वर्षातून दोनदा फंडाची ताजी यादी पाहून महत्त्वाचा बदल कळवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि हिच्यात आमचा धंदा नाही. ‘हलाल नफा, महिन्याला तीन टक्के, दर महिन्याला नक्की’ असे कुणी म्हणाले तर हातातला चहा तसाच ठेवून उठा. मुदारबात, म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीत, नफ्याचे प्रमाण ठरवता येते. भांडवलावर ठरावीक रकमेची हमी देता येत नाही, ती दिली की तो सूदच. जून २०१९ मध्ये बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी बंद पडली, मालक दुबईला पळाला आणि हजारो कुटुंबांची बचत अडकली. तिथेही गुंतवणूक शरियाप्रमाणे असल्याचेच सांगितले जात होते. आमच्याकडे महिन्याला नक्की काय मिळेल असे विचाराल तर उत्तर एकच मिळेल: माहीत नाही, तोटाही होऊ शकतो.

येताना पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि वारसाचे नाव व जन्मतारीख आणा. परदेशात असाल तर पासपोर्ट, व्हिसा आणि तिथला पत्ताही लागेल. जुने शेअर असतील तर मोबाईलमधली यादी नको, डीमॅट खात्याचे स्टेटमेंट आणा. त्यावर खरेदीची तारीख आणि किंमत नसेल तर ब्रोकरकडून तेवढी मागवून घ्या, नाही तर दुसरी फेरी पडते. शुक्रवारी साडेबारा ते अडीच ऑफिस बंद असते.