स्कीचा उतार रात्रीच तयार होतो

एप्रिलमधली सकाळ, आल्प्समधला तीन हजार मीटर उंचीवरचा पूर्वेकडे तोंड केलेला उतार. उजाडल्या उजाडल्या इथे स्की घातली तर पायाखाली नुसता खडखडाट होतो. स्कीची कड हिमात रुततच नाही. दोनेक तासांनी तोच उतार इतका मऊसूत होतो, की नवख्यालाही वळणं सहज जमू लागतात. दुपार झाली की त्याचाच लगदा होतो. मधल्या त्या मऊ अवस्थेला फ्रेंच स्कीपटू ‘मोकेत’ म्हणतात, म्हणजे गालिचा. वसंतातल्या स्कीइंगची सगळी मजा या गालिच्यात आहे, आणि तो आदल्या रात्री विणला जातो.

या हिमाची मूठभर ओंजळ डोळ्यांजवळ आणून बघा. हिवाळ्यातल्या सहा पाकळ्यांच्या चांदण्या कुठेच दिसत नाहीत. दिसतात ते गोलसर, काचेसारखे दाणे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. दिवसा हिम ओलं झालं की बारीक कण आधी विरघळतात, कारण जास्त वक्र पृष्ठभागाच्या कणाचा वितळणबिंदू किंचित कमी असतो. ते पाणी मोठ्या दाण्यांवर पुन्हा गोठतं आणि मोठे दाणे आणखी मोठे होतात. रात्री दाण्यांमधलं पाणी गोठून त्यांना एकमेकांना घट्ट सांधतं. असे बरेच दिवस-रात्र गेले की उतार पिकतो.

रात्री हवा शून्याखाली गेलीच पाहिजे असं मात्र नाही. हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र वाटतं. हिम दृश्य प्रकाशात पांढरंशुभ्र असलं, तरी अवरक्त किरणांच्या बाबतीत ते जवळपास कृष्णवस्तूसारखं वागतं, म्हणजे ते किरण जवळजवळ पूर्णपणे शोषतं आणि तितक्याच जोमाने बाहेरही टाकतं. शून्य अंशावरचं हिम दर चौरस मीटरमागे सुमारे ३१५ वॅट उष्णता आकाशाकडे फेकत असतं. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर त्यातली बरीच कमी परत येते. त्यामुळे हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही पृष्ठभाग दगडासारखा गोठू शकतो. ढग आले की ते जवळजवळ तितकीच उष्णता खाली परतवतात, आणि सकाळी उतार ओलाच राहतो. म्हणून अनुभवी माणसं निजण्यापूर्वी थर्मामीटरआधी आकाश बघतात.

सकाळचं ऊन आधी पूर्वेच्या उतारांना लागतं, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. त्या क्रमाने फिरलं तर गालिचा बराच वेळ पुरतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणूनच वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात, तेव्हा खालचा थर अजून टणक असतो.

स्की घसरते ती तिच्या दाबाने बर्फ वितळतं म्हणून, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. पण वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. स्कीवर माणसाचं वजन लांबवर पसरलेलं असतं, त्यामुळे दाब त्याच्या जवळपासही जात नाही. बोडन आणि ह्यूज या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला, जवळजवळ साडेतीन हजार मीटरवर, प्रयोग केले आणि १९३९ मध्ये दाखवलं, की घर्षणाच्या उष्णतेनेच पाण्याचा पातळ थर तयार होतो. वसंतात अडचण उलटी असते. पाणी जास्त होतं आणि स्कीचा तळ हिमाला चिकटून ओढला जातो. म्हणून या दिवसांत, ते पाणी निघून जावं यासाठी, तळावर जरा खोल, जाडसर चर काढून घेतात.

पाण्याचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. ते खाली झिरपतं, दाण्यांमधले सांधे सोडवतं, आणि तीस अंशांहून तीव्र उतारावरचा ओला थर कोसळू शकतो. ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येतं, पण फार जड असतं. थांबलं की घट्ट बसतं, आत अडकलेल्याला हात हलवता येत नाही. सोपी खूण बुटाची: स्की काढून उभं राहिल्यावर पाय घोट्याच्या वर रुतू लागला, की तीव्र उतार सोडून खाली यायचं, मग घड्याळात किती का वाजले असेनात.