क्लाउड सिक्युरिटी: कंपनीतला इंजिनिअर आणि क्लायंटकडे जाणारा इंजिनिअर

सोलापुरातली इंजिनिअरिंग झालेली मुलं नोकरीबद्दल विचारतात, तेव्हा क्लाउड सिक्युरिटीतल्या (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या सुरक्षेतल्या) या दोन्ही कामांना एकच समजतात: कंपनीत बसून तिचीच यंत्रणा सांभाळणं आणि दुसऱ्या कंपन्यांकडे, म्हणजे क्लायंटकडे, जाऊन त्यांची तपासणं. जाहिरातीतही पद तेच असतं, ‘क्लायंट-फेसिंग’ असं लिहिलेलं असलं तरी मुलं त्याचा अर्थ ‘इंग्रजी बरं हवं’ एवढाच घेतात. खरा फरक अधिकाराचा आहे.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना आहे. त्याचं बिलिंग क्लाउडवरच्या विंडोज सर्व्हरवर चालतं आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे सर्व्हरपर्यंत कुणाला येऊ द्यायचं त्या नियमांत, ३३८९ हा पोर्ट (आत येण्याचं दार) ०.०.०.०/० ला, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्याही पत्त्याला, उघडा आहे. त्यामुळे रिमोट डेस्कटॉपच्या (दूरवरून सर्व्हर वापरण्याच्या सोयीच्या) लॉगिनपर्यंत जगातलं कुणीही पोचू शकतं. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवाल्यांची ही नेहमीची वाट.

कंपनीचा स्वतःचा इंजिनिअर असेल तर तो मॅनेजरला विचारून पोर्ट उघडा ठेवणारा नियम काढून टाकतो. कुणाचं काम अडलं तर तो माणूस त्याच्याच टेबलाशी येतो आणि संध्याकाळपर्यंत मार्ग निघतो.

क्लायंटकडे जाणाऱ्याच्या हातात बहुधा फक्त बघण्याचा अधिकार असतो. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) क्लायंट एक आयएएम रोल, म्हणजे ठरावीक अधिकारांची ओळख, बनवतो, त्याला ‘सिक्युरिटी ऑडिट’ ही फक्त बघू देणारी पॉलिसी जोडतो आणि तो रोल वापरताना एक्स्टर्नल आयडी हा ठरलेला कोड द्यायची अट घालतो. हा आयडी प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा असतो, त्यामुळे आपल्या कंपनीच्या तपासणीच्या यंत्रणेला फसवून एकाच्या नावावर दुसऱ्याच्या खात्यात शिरता येत नाही. मुलाखतीत हे नीट सांगता आलं पाहिजे. सुरक्षेची सेटिंग्ज दिसतात, पण बदलता एकही येत नाही. मग उरतं ते कारखान्याच्या शेठना पटवून देणं.

“साहेब, पोर्ट बंद केला तर रात्री गाडी सुटताना बिल कोण काढणार? अकाउंटंट घरनंच काढतो.”

“शेठ, बिल घरनंच निघेल. आधी व्हीपीएन, म्हणजे कंपनीपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, जोडायचं, मोबाइलवरचा कोड टाकायचा. पहिल्या रात्री मी फोनवर थांबतो.”

माझ्या मते या कामातलं खरं कसब इथं लागतं. रिपोर्टमध्ये ‘हाय रिस्क’ लिहून शेठ हलत नाहीत. ‘इथून कुणी आत आलं तर बिलिंग बंद पडेल आणि कंटेनर थांबेल’ असं लिहावं लागतं. तरीही नाही म्हणाले, तर कारण, तारीख आणि सही घेऊन ती जोखीम नोंदवून ठेवायची. हे प्रामाणिकपणे करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

घटना घडल्यावरही फरक पडतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवाव्या लागतात आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. आतल्या माणसाला कुणाला उठवायचं ते ठाऊक असतं. बाहेरच्याने मात्र कळवणार कोण, लॉग कुणाकडे, हे करारातच ठरवून घ्यावं लागतं.

बाकी, आतल्याला एकच यंत्रणा खोलवर कळते, बाहेरच्याला एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर असं दोन्हीकडचं थोडंथोडं.

ऑफर आली की एवढं विचारा: क्लायंटच्या खात्यात मला काही बदलता येईल का, आणि क्लायंट अडून बसला तर त्याच्याशी माझ्या बाजूने कोण बोलणार?