पाय भरून येतात, टेकलं की बरं वाटतं

मंडईतून परतताना आई वाटेत तीनदा बसायची. आधी दुकानाची पायरी, मग रसवंतीचं बाकडं, मग देवळाचा कट्टा. "पाय भरून येतात गं, शिशासारखे जड होतात. दोन मिनिटं टेकलं की परत चालता येतं." कंबर फारशी दुखत नव्हती, म्हणून 'वय झालं' असं म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो. त्यात दोन वर्षं गेली, याची हळहळ अजून वाटते.

शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "चालताना पाय भरले की नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावंच लागतं?" बसावंच लागायचं. निदानाची दिशा तिथेच ठरली.

आपला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मणक्यांच्या पोकळीतून नसांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा उतरतो. उतारवयात मणक्यांमधली चकती झिजून मागे फुगते, मागचे सांधे जाड होतात, मणक्यांना जोडणारा पिवळा बंध आत दुमडतो. मग नसांची वाट चिंचोळी होते, बहुतेक वेळा कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. डॉक्टर याला 'लंबर कॅनॉल स्टेनोसिस' म्हणतात. डच न्यूरोसर्जन हेंक व्हर्बिस्ट यांनी १९५४ साली या त्रासाचं सविस्तर वर्णन केलं.

ताठ उभं राहिलं की ही वाट आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. बाकीची बरीचशी लक्षणं यावरून उलगडतात. मॉलमधली ढकलगाडी धरून हीच माणसं आरामात फिरतात, कारण तिच्यावर ती वाकलेली असतात. सायकल चालवता येते. पर्वतीच्या पायऱ्या चढताना फारसं काही होत नाही, उतरताना मात्र ढुंगणापासून पोटऱ्यांपर्यंत कळा आणि मुंग्या येतात.

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं थांबलं, उभं राहिलं तरी आराम पडतो. मधुमेहात तळव्यांची आग अंथरुणातही होते, रात्री तर जास्तच. अर्थात एकाच माणसाला यांतलं दोन-दोन असू शकतं, म्हणून पायाची नाडी आणि साखर तपासायलाच हवी.

एमआरआयवर फार विसंबू नका. साठीनंतर कित्येकांच्या फोटोत वाट अरुंद दिसते, त्रास मात्र काहीच नसतो. किती पावलांवर पाय भरतात, कशाने आराम पडतो, हे आठवडाभर लिहून डॉक्टरांकडे न्या. व्यायाम आणि औषधांनी अनेकांचं भागतं, शस्त्रक्रिया सगळ्यांना लागत नाही.

पण लघवी अडकली किंवा नकळत झाली, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.