दातांच्या दवाखान्यात येण्याआधी : स्वमग्न मुलांच्या आई-बाबांसाठी

फोनवर बहुतेक आई-बाबांचं पहिलं वाक्य तेच असतं : "डॉक्टर, तो तोंड उघडणारच नाही." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात : "आधी एका ठिकाणी नेलं होतं. तिथे चौघांनी मिळून धरलं. तेव्हापासून घरी ब्रशही लावू देत नाही." हे सांगताना आवाजात अपराधीपणा असतो. तुमची त्यात काही चूक नव्हती, मुलाची तर नव्हतीच.

आमचा दवाखाना लहान आहे. दोन दंतवैद्य, एक मदतनीस ताई आणि एकच खुर्ची. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेली बरीच मुलं इथे येतात आणि त्यांच्या पालकांना पडणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते एकदा नीट लिहून काढले. तीन ते आठ वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवली आहेत.

पहिल्या भेटीत काय करता?

दाताचं काम करत नाही. मूल आत येतं, हिंडतं, वाटलं तर खुर्चीला हात लावतं. दारातूनच मागे फिरलं तरी चालतं, आम्ही ती भेट वाया गेली असं मानत नाही. बाहेर कुणी वाट बघत नसेल अशी वेळ तुम्हाला देतो. मशीनला हवा पुरवणारा, घरघरणारा कॉम्प्रेसर बंद असतो, खुर्चीवरचा मोठा दिवा लावत नाही, आणि अत्तर किंवा उग्र वासाचं काही आम्ही त्या दिवशी लावत नाही.

खुर्चीबद्दल एक सांगायला हवं. बसल्यावर ती मागे झुकू लागली की बऱ्याच मुलांना आपण पडतोय असं वाटतं आणि तिथेच सगळं बिनसतं. म्हणून खुर्ची आधीच आडवी करून ठेवतो, मूल पलंगावर चढावं तसं स्वतः चढतं. चढलं नाही तर खुर्ची लागतच नाही. डॉक्टर आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, डोकं मागे डॉक्टरांच्या मांडीवर. आईचा चेहरा त्याला सतत दिसत राहतो. दात बघायला एवढं पुरतं.

पुढच्या भेटीत आरसा, त्याच्या पुढच्या भेटीत मशीनचा ब्रश, आधी नखावर आणि मग दातावर. वार तोच, वेळ तीच, माणसं तीच. कामाच्या वेळी आम्ही मोठ्याने दहा आकडे मोजतो आणि दहा म्हणताच हात तोंडाबाहेर काढतो. काम अर्धवट राहिलं असलं तरी काढतो. "झालंच, अजून एकच मिनिट" हे वाक्य इथे कुणी बोलत नाही, कारण शब्दाला शब्द धरून चालणाऱ्या मुलाला ती सरळ फसवणूक वाटते, आणि एकदा फसवलेलं मूल पुढची कित्येक वर्षं विसरत नाही. तुम्हीही घरून निघताना "डॉक्टर काहीच करणार नाहीत" असं सांगू नका. जे होणार आहे तेवढंच सांगा.

बांधून किंवा दाबून धरून आम्ही काम करत नाही. पडून दात तुटला, लोंबकळतोय, श्वासनलिकेत जाण्याची भीती आहे, अशा क्षणी काही सेकंद हात धरावे लागू शकतात. तेही तुम्हाला विचारून आणि तुम्ही जवळ असताना.

दुखतंय हे कळणार कसं?

जे मूल बोलत नाही, किंवा बोलतं पण 'दुखतं' हा शब्द कशासाठी वापरायचा हे ज्याला जमत नाही, त्याचं दातदुखणं वागण्यातून दिसतं. गालावर किंवा जबड्यावर मारून घेणं. एकाच बाजूने चावणं. आवडीचं थंड ताक अचानक नको होणं. रात्री दोन-तीनदा दचकून उठणं. हाताला, कॉलरला चावायला सुरुवात होणं. हे सगळं 'ऑटिझमच वाढला' या नावाखाली ढकललं जातं, घरातूनही आणि कधीकधी डॉक्टरांकडूनही. वागणं आठ-पंधरा दिवसांत बदललं असेल तर एकदा तोंडात टॉर्च मारून बघा. दाढेवर खड्डा किंवा हिरडीवर पुळी दिसली की फोन करा, मग पायरी-पायरीच्या भेटींची वाट बघायची नाही. चेहऱ्यावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी या. गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर आमच्याकडे न येता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

दुधाचे दात पडणारच आहेत ना?

पडणार आहेत, पण सगळे एकदम नाही. वीस दुधाच्या दातांपैकी पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. चार वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेला अजून सहा-सात वर्षं काम करायचं आहे. आधीच चार-पाचच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं चावायचं साधन गेलं, तर ते चार पदार्थही दोनवर येतात.

सुई आणि मशीनशिवाय काही होतं का?

पुष्कळ होतं, आणि पालकांना हे कुणी फारसं सांगत नाही.

पहिला उपाय सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, थोडक्यात एसडीएफ. किडलेला भाग कोरडा करून त्यावर छोट्या ब्रशने थेंबभर औषध लावायचं, मिनिटभर ठेवायचं, झालं. टोचणं नाही, घरघर नाही. जपानमध्ये ते अनेक दशकं वापरात आहे, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दातांच्या किडीसाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. पक्कं होण्यासाठी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावतो. याची किंमत दिसण्यात मोजावी लागते : किडलेला भाग काळाकुट्ट होतो आणि तसाच राहतो. मागच्या दाढेला कुणी बघत नाही, पण पुढच्या दाताचं तुम्ही आधी ठरवायचं. फोटो दाखवल्याशिवाय आम्ही ते लावत नाही. ओठाला किंवा कातडीला डाग पडला तर एक-दोन आठवड्यांत जातो. चव धातूसारखी लागते, हे मुलाला आधीच सांगावं लागतं. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर एसडीएफचा उपयोग नाही. चांदीची ॲलर्जी असेल तर ते लावायचं नाही.

दुसरा, हाताच्या बारीक हत्याराने मऊ झालेली कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं. तिसरा उपाय आमच्या विशेष आवडीचा आहे. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी दाढ न कोरता, बधिर न करता थेट स्टीलची कॅप दाबून बसवायला सुरुवात केली. आत अडकलेल्या किडीला बाहेरून खायला मिळत नाही आणि ती मंदावते. त्यांच्याच नावाने ही पद्धत ओळखली जाते. बसवायला काही मिनिटं लागतात. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. कधीकधी तीन-चार दिवस आधी दाढांमध्ये छोटी रबरी रिंग अडकवावी लागते, ती काही मुलांना दिवसभर टोचत राहते. आणि कॅप बसल्यावर चावताना ती उंच लागते. एक-दोन आठवड्यांत चावा आपोआप जुळतो, पण तोंडातला एवढासा बदलही ज्याला सोसत नाही अशा मुलाचे ते दिवस कठीण जातात. शाळेच्या परीक्षेच्या किंवा घरातल्या लग्नाच्या आठवड्यात हे काम घेऊ नका.

पूर्ण भूल द्यावी लागेल का?

सात-आठ दात किडलेत, दोन-तीन नसेपर्यंत गेलेत आणि मूल आरसाही लावू देत नाही, तर हो, द्यावी लागेल. हे ऐकून अनेक आया रडतात. तुम्ही कमी पडलात असा याचा अर्थ होत नाही. दुखणाऱ्या दातांसह सहा महिने सवय लावत बसणं हा मुलावर अन्याय आहे.

हे काम दवाखान्यात होत नाही. रुग्णालयात, लहान मुलांचा अनुभव असलेल्या भूलतज्ज्ञांच्या हाताखाली होतं. एकाच वेळी सगळं उरकतो आणि शक्य तिथे भरण्याऐवजी कॅप घालतो, म्हणजे पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये. उपाशीपोटाचा नियम कडक असतो : जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. रोज सात वाजता ठरलेले दूध-पोहे खाणाऱ्या मुलाला हे समजावता येत नाही, म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घ्या आणि त्या दिवशी स्वयंपाकघराचा रस्ता टाळून घराबाहेर पडा. बालरोगतज्ज्ञांनी रक्ततपासणी सांगितली असेल आणि ती कधीच जमली नसेल, तर तेही भूल असतानाच घेता येईल का ते आम्हाला आणि भूलतज्ज्ञांना आधी विचारा.

मधला पर्याय नाकावरच्या मुखवट्यातून नायट्रस ऑक्साइड हा मुलाला शांत करणारा वायू देण्याचा. ज्या मुलाला नाकावर काही चालतच नाही त्याला तो उपयोगाचा नाही. पण एक कळकळीची विनंती : घरून झोपेचं औषध किंवा सर्दीचं सिरप पाजून मुलाला आणू नका. त्याने श्वास मंदावू शकतो.

बधिर केल्यानंतरचे तीन तास

सुई द्यावी लागली तर खरी काळजी नंतरची. ओठ दोन-तीन तास जड राहतो. तो सुन्न, रबरासारखा ओठ मुलांना फार विचित्र वाटतो. ती तो चावून बघतात, ओढतात, आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा पडतो. तेवढा वेळ कुणीतरी सतत जवळ बसा, खायला देऊ नका. त्याची चावायची चेन किंवा रबरी नळी असेल तर तीसुद्धा तेवढा वेळ बाजूला ठेवा.

चालू औषधांची यादी का मागता?

फिट्ससाठी व्हॅलप्रोएट चालू असेल तर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी, कमी होऊ शकतात, म्हणून दात काढण्याआधी रक्त तपासावं लागतं. फेनिटॉइन या फिट्सच्याच औषधाने हिरड्या वाढतात. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि कीड लवकर लागते. गोड सिरप रात्री झोपताना देत असाल तर त्यानंतर चूळ किंवा ओल्या कापडाने दात पुसणं हवंच. कुठलंही औषध आम्हाला विचारून बंद करू नका, ते ज्यांनी दिलं त्यांनाच विचारा.

घरचा ब्रश

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. आधी पेस्ट बदला. पुदिन्याची चव बऱ्याच मुलांना तिखट झोंबते, फेसाने उलटीची भावना येते. बिनचवीची, कमी फेसाची पेस्ट मिळते. तीही नको असेल तर काही आठवडे नुसता ओला ब्रश. ब्रशची सवय आधी लागू द्या. मुलाच्या समोर उभे राहू नका, मागे उभे राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या, दोघंही आरशात बघा. सुरुवात रोज त्याच दाढेपासून, शेवट रोज त्याच दाढेवर. आज चार दात झाले तर चारच. गालात घास धरून ठेवायची सवय असेल तर जेवणानंतर बोट फिरवून गाल रिकामा करा.

आणि थेरपीतली बक्षिसं. सेशनमध्ये प्रत्येक बरोबर उत्तराला जेम्सची गोळी किंवा बिस्किटाचा तुकडा मिळत असेल, तर तासभर तोंडात साखर असते. तेवढ्या वेळात लाळेला दात सावरायला सवड मिळत नाही. तुमच्या थेरपिस्टशी मोकळेपणाने बोला. फुगे, स्टिकर, गुदगुल्या, मुरमुरे, जे त्याला आवडतं ते चालेल. आमची चिठ्ठी हवी असेल तर देतो.

फ्लोराइडमुळे, पाऱ्यामुळे ऑटिझम वाढतो का?

दातांना लावलेल्या फ्लोराइडने ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी, साधारण १००० पीपीएम फ्लोराइडची. थुंकता येत नसेल तर पुसून घ्या. तुम्ही यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथले असाल तर मात्र सांगा, मग वेगळा विचार करू. पाऱ्याची चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं चंदेरी मिश्रण, आम्ही मुलांच्या दातांत भरत नाही.

खर्च

ऑटिझम २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात समाविष्ट आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. दातांच्या कोणत्या कामाला किती मिळेल हे काम सुरू होण्याआधी विचारून घ्या. बिलं आणि कागद आम्ही करून देतो. भूल देऊन करायच्या कामाचा खर्च झेपत नसेल तर संकोच करू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात बालदंत विभाग आहेत. आम्ही एक्स-रे आणि पत्र देऊन पाठवतो.

येण्याआधी

मोबाइलवर चार-पाच ओळी पाठवा : कोणता आवाज चालत नाही, कुठे स्पर्श केलेला आवडत नाही, कशाने शांत होतो, 'नको' कसं सांगतो. आम्ही तुम्हाला दवाखान्याच्या दाराचे, खुर्चीचे, डॉक्टरांचे मास्कसह आणि मास्कशिवाय फोटो, आणि मशीनच्या आवाजाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवू. ते आधी अगदी बारीक आवाजात, तो खेळत असताना लावा. कानावरचे हेडफोन, गोधडी, हातातली चाकाची गाडी, जे लागेल ते आणा. निघताना मूल दारातच बसलं तर फोन करून सांगा, पुढची तारीख घेऊ. त्या दिवसाचे पैसे लागत नाहीत.