विक्कन रीड आणि मॅजिक करायची नीती

विक्कन रीड म्हणजे आधुनिक विचक्राफ्टमधली, खास करून विक्का या धर्मातली एक छोटी सूचना, मूळ इंग्रजीत फक्त आठ शब्दांची. मराठीत सांगायचं तर साधारण असं: कुणाचं नुकसान होत नसेल, तर तुला हवं ते कर. मॅजिक करणाऱ्या माणसाने काय करावं नि काय करू नये याची सगळी चर्चा या आठ शब्दांपासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच अडकून बसते. विक्का हजारो वर्षांचा जुना धर्म आहे असं सुरुवातीच्या लोकांनी भरपूर सांगितलं, पण तो आज दिसतो त्या रूपात इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या मध्याला उभा राहिला आणि त्याची नीतीसुद्धा तेव्हापासून आजतागायत भांडत भांडतच तयार होत आलीय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. विच म्हटलं की आपण सवयीने चेटकीण म्हणतो आणि डोळ्यासमोर झाडूवरची म्हातारी येते, पण विक्कामध्ये बाई असो की पुरुष, दोघंही स्वतःला विचच म्हणवतात, त्यांच्या छोट्या गटाला कव्हन म्हणतात आणि जो विधी करून काहीतरी घडवून आणायचा प्रयत्न करतात त्याला स्पेल. मॅजिक या शब्दाचं वेगळंच. टोपीतून ससा काढतात ते मॅजिक नाही हे दाखवायला ॲलिस्टर क्राउली या इंग्रज गूढवाद्याने इंग्रजी शब्दाच्या शेवटी एक जादा के लावला, आता देवनागरीत तो के दिसतच नाही त्यामुळे मराठी वाचकाला ते संदर्भावरूनच ओळखावं लागतं. क्राउलीची व्याख्या अशी की आपल्या संकल्पाप्रमाणे बदल घडवून आणायचं शास्त्र आणि कला म्हणजे मॅजिक. डायॉन फॉर्च्यून या लेखिकेने पुढे त्यात जाणिवेत होणारा बदल असं म्हटलं, आणि नीतीच्या बाजूने बघितलं तर हा फरक लहान नाही, कारण बदल फक्त माझ्या डोक्यात होणार असेल तर परवानगी कुणाची घ्यायची?

विक्का लोकांसमोर आणला जेराल्ड गार्डनरने. १८८४ साली लिव्हरपूलजवळ जन्मलेला हा गृहस्थ सिलोनला चहाच्या मळ्यावर होता, मग मलायात रबराच्या मळ्यांवर आणि नंतर तिथल्याच कस्टम्स खात्यात, १९३६ ला रिटायर होऊन इंग्लंडला परत आला आणि १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या कव्हनने आपल्याला दीक्षा दिली असं त्याने सांगितलं. तेव्हा ब्रिटनमध्ये १७३५ चा विचक्राफ्ट कायदा अजून होता, त्यात जादूची शक्ती आहे असा दावा करणं हाच गुन्हा, आणि १९४४ मध्ये हेलन डंकन नावाच्या मीडियम, म्हणजे मेलेल्यांशी बोलते असं सांगणाऱ्या, बाईला त्याखाली तुरुंगात पाठवलंही होतं. १९५१ ला तो कायदा रद्द झाला, १९५४ ला गार्डनरचं विचक्राफ्टवरचं पुस्तक आलं, आणि लगेच पेपरवाले सैतानाची पूजा, नंगानाच वगैरे मथळे घेऊन मागे लागले. त्यामुळे आम्ही कुणाचं वाईट करत नाही हे विक्काने इतक्या ठासून सांगण्यामागे श्रद्धा होतीच, पण थोडी पीआरची गरजही होती असं माझं मत आहे, आणि हे म्हटल्याने त्या तत्त्वाची किंमत कमी होत नाही.

आता ते आठ शब्द आले कुठून. १९०४ साली कैरोमध्ये क्राउलीने लिहून काढलेल्या ग्रंथात "तुला हवं ते कर, हाच सगळा नियम" असं वाक्य आहे, तिथे "हवं ते" म्हणजे मनात आलेली लहर नव्हे तर माणसाच्या असण्यामागचा खरा संकल्प. गार्डनर १९४७ मध्ये हेस्टिंग्जला जाऊन त्याला भेटलाही होता, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्राउली गेला. पण गार्डनरने १९५९ मध्ये विच लोकांची नीती सांगताना क्राउलीचं नाव न घेता पॉझोल नावाच्या राजाचा दाखला दिला, कुणाला त्रास होत नाही तोवर हवं ते करा असं म्हणणारा, आणि गंमत म्हणजे हा राजा १९०१ च्या एका फ्रेंच कादंबरीतला आहे, तीही चांगली चावट कादंबरी. या विचाराला आजच्या आठ शब्दांचा आकार मिळाला तो ३ ऑक्टोबर १९६४ ला डोरीन व्हॅलिएंट हिने एका जेवणाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणात. विक्काची बरीचशी सुंदर भाषा हिच्याच हातची, गार्डनरच्या कव्हनमध्ये ती पुरोहित होती आणि १९५७ ला त्याच्याशी भांडून बाहेरही पडली. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत ग्रीन एग या मासिकात २६ द्विपदींची लांबलचक कविता छापून आली, पोस्टरवर आणि मगवर दिसते ती हीच, लोक तिलाच अस्सल जुनी रीड समजतात.

रीड हा जुना इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ सल्ला. आज्ञा नाही, कायदा नाही, सल्ला. शिवाय वाक्याच्या सुरुवातीचा जुना "ॲन" म्हणजे "जर", आजच्या वाचकाला तो "आणि" वाटतो आणि मग वाक्य आज्ञेसारखं ऐकू येतं: कुणाला इजा करू नका आणि हवं ते करा. खरं तर ते फक्त एवढंच सांगतं की ज्यात कुणाचं नुकसान नाही ते बिनधास्त करा. ज्यात नुकसान आहे त्याचं काय, यावर रीड गप्प आहे! तिथे ज्याने त्याने आपली अक्कल चालवायची आणि परिणामाची जबाबदारी घ्यायची. नोकरीच्या एका जागेसाठी ५० अर्ज आले आणि ती मला मिळाली की ४९ जणांचं नुकसान झालंच की. त्यामुळे शून्य नुकसान कुणालाच जमत नाही, आणि "कुणाचं" मध्ये आपण स्वतःही येतो हे तर नवशिके हमखास विसरतात.

दुसरा प्रसिद्ध नियम तिपटीचा. तुम्ही जे पाठवाल, चांगलं किंवा वाईट, ते तिपटीने तुमच्याकडे परत येतं. आपल्याला हे ऐकून लगेच पेरावे तसे उगवते आठवतं आणि इंग्रजी पुस्तकांत तर सरळ कर्मा असाच शब्द वापरतात, जो थिऑसॉफिकल सोसायटीच्या मार्फत तिकडच्या गूढवाद्यांपर्यंत पोचला आणि आता इन्स्टावरून आपल्याकडे परत येतो, थोडा बारीक होऊन. पण तिपटीचा उगम बघितला तर भलताच आहे. गार्डनरच्या दीक्षाविधीत उमेदवाराला दोरीच्या चाबकाचे ४० हलके फटके मारायचे आणि मग त्याने गुरूला १२० परत द्यायचे, म्हणजे जे मिळेल ते तिप्पट करून देणं ही विचची जबाबदारी होती, विश्व तिप्पट परत करतं असा तिथे काही दावा नव्हता. नंतरच्या लोकांनी, त्यात अमेरिकेत विक्का नेणारा रेमंड बकलंड मुख्य, त्याला निसर्गाच्या नियमाचं रूप दिलं. व्हॅलिएंटला ते फारसं पटलं नव्हतं, विच लोकांसाठी कर्माचा वेगळा हिशेब कशाला असेल असा तिचा प्रश्न होता. मलाही ती तिप्पट व्याजाची धमकी नीतीपेक्षा सावकारीच्या जवळची वाटते.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका साध्या स्पेलमध्ये बघा. नोकरी हवीय. शुक्ल पक्षातला दिवस निवडायचा, कारण वाढवायच्या गोष्टी चंद्र वाढताना आणि घालवायच्या गोष्टी कृष्ण पक्षात. हिरवी मेणबत्ती घ्यायची, सुईने तिच्यावर आपलं नाव कोरायचं, थोडं तेल चोळायचं, वर्तुळ आखून आत बसायचं, श्वास लावून मन एका जागी आणायचं, मग पेटवून काय हवंय ते बोलायचं. सगळी नीती या बोलण्यात आहे. "अमक्याची खुर्ची मला मिळू दे" असं म्हटलं तर अमक्याला उठवावं लागणार, म्हणून शिकवणारे सांगतात की "मला जमेल अशी, माझ्यासाठी योग्य नोकरी" असं म्हण, आणि शेवटी जोड की कुणाचं नुकसान न होता, सगळ्यांच्या भल्यासाठी. हे शेपूट जवळजवळ प्रत्येक स्पेलला असतं, अटी लागू सारखं. मग "सो मोट इट बी", म्हणजे तथास्तु, जे फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या लोकांकडून उचललेलं आहे. पैशासाठी मोघम स्पेल केला आणि पैसा आला खरा, पण जवळच्या माणसाच्या इन्शुरन्सचा, ही गोष्ट नवशिक्यांना नेहमी ऐकवली जाते. आणि स्पेल झाला की दुसऱ्या दिवशी अर्ज पाठवायचेच आहेत, मेणबत्ती लावून घरी बसणाऱ्याला कव्हनमध्येही कुणी भाव देत नाही.

सगळ्यात जास्त वाद संमतीवर. ठरावीक माणसाला आपल्या प्रेमात पाडायचा स्पेल बहुतेक विक्कन नाकारतात, कारण त्यात समोरच्याची इच्छाच मोडायची असते. मुंबईच्या लोकलमध्ये बाबा बंगालीची वशीकरणाची जी स्टिकरं चिकटवलेली असतात ना, २४ तासांत प्रेम वश, ते नेमकं यांच्या हिशेबात सगळ्यात मोठं पाप. चालतं काय, तर माझ्या आयुष्यात प्रेमाला जागा होऊ दे असं, नाव न घेता. इथवर सोपं आहे. पण आजारी माणसासाठी न विचारता बरं होण्याचा स्पेल करावा का? काही म्हणतात प्रार्थना करायला परवानगी लागते का. काही म्हणतात लागते, कारण ख्रिश्चन मावशीला तिच्या नावाने कुणी देवीपुढे मेणबत्ती लावलेली आवडणार नाही, आणि आपलं भलं कशात आहे ते तिने ठरवायचं. बेशुद्ध पेशंट असेल तर मधला मार्ग असा की ऊर्जा पाठवायची पण "घ्यायची असेल तर घे" असं म्हणून. हा उपाय मला शब्दांचा खेळ न वाटता बराच विचारी वाटतो. अर्थात स्पेलने आजार बरा होतो याला वैज्ञानिक पुरावा नाही, आणि जबाबदार विच स्वतःच सांगतात की औषध बंद करायचं नाही.

मग शाप द्यायचाच नाही का कधी? बाइंडिंग म्हणजे एखाद्याला वाईट करण्यापासून बांधून ठेवणं, आणि हेक्स म्हणजे सरळ शाप. पहिलं अनेकांना चालतं, दुसरं कमी जणांना, आणि मधली रेघ पुसट आहे. खुद्द गार्डनरनेच अभिमानाने सांगितलंय की १९४० मध्ये त्याच्या कव्हनने न्यू फॉरेस्टमध्ये जमून हिटलरला समुद्र ओलांडता येणार नाही असा विचार त्याच्या डोक्यात पाठवला. हे झालं की नाही याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, पण संमतीचा विषय तिथे कुणी काढला नाही एवढं खरं. हंगेरीत जन्मलेली आणि लॉस एंजलिसला स्थायिक झालेली झुझाना बुडापेस्ट, जिला १९७५ मध्ये पत्ते बघून भविष्य सांगितलं म्हणून अटक झाली होती, ती बलात्काऱ्यांना हेक्स करायच्या उघड बाजूची. फेब्रुवारी २०१७ पासून अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्पवर दर महिन्याला अमावास्येकडे झुकणाऱ्या चंद्रकोरीच्या रात्री १२ वाजता बाइंडिंग सुरू झालं, सामान काय तर त्यांचा एक वाईट आलेला फोटो, टॅरो या भविष्य सांगायच्या पत्त्यांतलं टॉवरचं पान आणि नारिंगी मेणबत्तीचं थोटूक, आणि यावर विच लोकांतच जोरदार भांडणं झाली. विक्काबाहेरचे विच तर रीड मानतच नाहीत. १९६० च्या दशकातला रॉबर्ट कॉक्रेन म्हणायचा, हवं ते करू नकोस, गरजेचं आहे ते कर.

बाकीचे नियम थोडक्यात. दीक्षेचे पैसे घ्यायचे नाहीत हा गार्डनरच्या परंपरेतला जुना दंडक, पण टॅरो वाचून किंवा मेणबत्त्या विकून पोट भरणारे आज खूप आहेत, ईबेने मात्र २०१२ मध्ये स्पेल नि शाप विकायलाच बंदी घातली. दुसऱ्याची ओळख फोडायची नाही, म्हणजे अमका विच आहे हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय तुम्ही सांगायचं नाही, यामागे नोकरी जायची आणि मुलांचा ताबा जायची खरी भीती होती. एप्रिल १९७४ मध्ये मिनियापोलिसला अमेरिकन विच लोकांच्या एका संघटनेखाली ७३ विच जमले आणि त्यांनी १३ तत्त्वं मंजूर केली, ती संघटना टिकली नाही पण तत्त्वं १९७८ च्या अमेरिकन लष्कराच्या धर्मगुरूंसाठीच्या हँडबुकमध्ये गेली, आणि १९८६ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने विक्का हा धर्म आहे हे मान्य केलं. अलीकडे भर पडलीय ती उसनवारीच्या वादाची: कॅलिफोर्नियातली पांढरी सेज वनस्पती धुरीसाठी ओरबाडून नेणं, किंवा कालीमातेला तिच्या परंपरेची काही माहिती नसताना वर्तुळात बोलावणं.

भारतात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला जाहीरपणे विक्कन म्हणवलं, पण आपल्याकडे या शब्दाचं ओझं वेगळं आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आला १९५४ ला, योगायोगाने गार्डनरच्या पुस्तकाच्याच साली, आणि त्यात मंत्र-ताईताने आजार बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा तर, अमका करणी करतो असा समज पसरवून त्याचं जगणं मुश्कील करण्यालाही गुन्हा मानतो. नंदुरबारकडच्या पाड्यावर डाकीण ठरवलेल्या बाईला तो शब्द कुणी विचारून दिलेला नसतो. त्यामुळे पुण्या-मुंबईत मेणबत्तीवर सुईने नाव कोरणारी मुलगी इन्स्टाच्या बायोमध्ये इंग्रजीत विच लिहील, पण आजीला विचारलं तर मेडिटेशन करते म्हणूनच सांगेल.